सागिंदिक आगांना दाराशी बसवलं

सोमवारी सकाळी संचालकांनी ओराल्बेकला ‘बसा’ म्हटलं, तेव्हाच त्याला शंका आली. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत त्याला कोणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. वर चहा आला, तोही दुधाचा. मग तर त्याची खात्रीच पटली की आपली नोकरी गेली.

नोकरी गेली नव्हती, नुसती टांगली होती. कारागांदाच्या कुरण-पाहणी कार्यालयात आदल्या आठवड्यात गरम पाण्याचा नळ फुटला. नकाशांच्या खोलीत गुडघाभर पाणी झालं आणि सकाळपर्यंत त्याचा बर्फ झाला. संचालकांची आणि हिशेबनिसांची खोली सोडून इमारत बंद. दुरुस्ती उन्हाळ्याआधी नाही. राजधानीतल्या मंडळींना एवढं निमित्त पुरलं. त्यांनी कळवलं, तुमच्या विभागाची सहा माणसं आपापल्या घरून काम करू शकत असतील तर ठीक, नाहीतर विभाग गुंडाळून टाकू.

“पुढच्या गुरुवारी अकरा वाजता राजधानीचा आयोग बघणार आहे,” संचालक म्हणाले. “सहाच्या सहा जण पडद्यावर दिसले पाहिजेत, बोलले पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी कुलूप. प्रोग्राम कुठला, यंत्रं कुठली, ते तुम्हीच ठरवा ओराल्बेक. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.”

सरकारी कचेरीत साहेबाचा आपल्यावर विश्वास आहे असं कळलं की शहाण्या माणसानं लगेच रजेचा अर्ज टाकावा. ओराल्बेक शहाणा नव्हता, हळवा होता. तो ‘हो’ म्हणाला आणि जिना उतरता उतरता हिशेब करायला लागला. वय त्रेपन्न. अंगात कला एकच, गवत बघून एका डोंगरउतारावर किती मेंढ्या जगतील ते सांगायची. या वयात, या कलेला, दुसरं कोण दारात उभं करणार?

घरी आल्यावर त्यानं बायकोला, कुल्याशला, सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती.

“तुला निवडायला सांगितलं? तुला?” ती म्हणाली. “अरे घरधनी, टीव्हीचा आवाज कमी करायला तू मला माहेराहून बोलावतोस!”

“तो रिमोट खराब होता.”

“रिमोट उलटा धरला होतास.”

झालं. या संवादानंतर ओराल्बेकला जो चेव चढला, त्यानं पुढचं सगळं रामायण घडवलं. (आपल्याकडे म्हणून रामायण म्हणायचं. तिकडे निराळं काही म्हणत असतील, पण घडतं सगळीकडे तेच.)

तिसऱ्या मजल्यावर विक्तोर पाक राहायचा. कोरियन वंशाचा, खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्यांचा निवृत्त मेकॅनिक. जगातला कुठलाही बिघाड हवा कमी पडल्यामुळे होतो, असं त्याचं ठाम मत होतं. न बोलावता तो मुळ्याचं तिखट लोणचं घेऊन खाली आला आणि टेबलाशी बसला.

“निळा प्रोग्राम घेऊ नकोस,” तो म्हणाला. “निळ्यात माझी बहीण तीन महिने अडकली होती.”

“म्हणजे?”

“बोलायची आणि आम्हाला ऐकू यायचं नाही. तसा आम्हाला काही त्रास नव्हता. पण तू हिरवा घे.”

ओराल्बेकनं विभागातल्या माणसांना विचारलं, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. एकाला निळाच हवा होता, कारण त्याचा जावई निळा वापरतो. दुसऱ्याला निळा सोडून कुठलाही चालणार होता, कारण पहिल्याचा जावई निळा वापरतो. सर्वांत धाकटी तोर्गिन, नोकरीला लागून जेमतेम सात महिने झालेली, मोठ्या माणसाला तिकडे म्हणतात तसं ‘आगा’ म्हणत नम्रपणे बोलली, “आगा, जांभळा चांगला आहे. फुकट आहे आणि म्हाताऱ्यांनाही जमतो.” ओराल्बेकला त्यातलं ‘म्हाताऱ्यांनाही’ टोचलं, पण फुकट हा शब्द भावला. जांभळा ठरला.

फुकट वस्तू घेणं किती कठीण असतं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. हिशेबनीस ल्युदमिला पेत्रोव्नांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणला.

“तीन दरपत्रकं?”

“फुकट आहे, ल्युदमिला पेत्रोव्ना.”

“फुकटची तीन दरपत्रकं आणा. आणि कुठल्याही दरपत्रकात शून्य चालणार नाही, खरेदीच्या यंत्रणेत शून्याचा खाना नाही. शून्याला मिळालेली वस्तू म्हणजे एक तर चोरी, नाहीतर भेट. चोरी माझ्या नियमात बसत नाही. आणि भेट स्वीकारायची तर पाच जणांची समिती बसवावी लागते. तिची बैठक एप्रिलमध्ये.”

शेवटी ओराल्बेकनं प्रोग्राम ‘कर्मचाऱ्याची खासगी वस्तू, कार्यालयात तात्पुरती आणलेली’ असा नोंदवला, छत्रीसारखा. त्याच रकान्यात आधी ल्युदमिला पेत्रोव्नांचं निवडुंगाचं झाड होतं, म्हणून त्यांना हरकत घेता आली नाही.

यंत्रांची गोष्ट अजून वाईट. सहा कॅमेरे आणि सहा मायक्रोफोन. सगळ्यांत स्वस्त दर ज्याचा, माल त्याचाच, असा कायदा. सगळ्यांत स्वस्त दर निघाला लग्नसमारंभाला कर्णे पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचा. कॅमेरे बरे होते. मायक्रोफोन मात्र सोनेरी, बुडाशी लाल-हिरवे दिवे लुकलुकणारे, आणि त्यात आवाज घुमवायची सोय. ती सोय बंद करायची सोय नव्हती. ‘वसंतात गवताची वाढ कमी’ असं म्हटलं की ‘कमी, कमी, कमी’ असं घुमायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता वधू-वरांना बोलावतील.

“हवा,” विक्तोर मायक्रोफोन उघडून म्हणाला. “आत हवा फार आहे.” आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हवा जास्त झालेली सापडली होती.

तरीही मंगळवारी, आयोगाच्या दोन दिवस आधी, तालीम ठरली. सहाही जण जोडले गेले! कोणी बाल्खाशहून, कोणी तेमिरताऊहून, आणि कार्कारालीच्या पलीकडच्या खेड्यातून स्वतः सागिंदिक आगा. वय एकाहत्तर. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी हा विभाग ओढला होता. अर्धे नकाशे त्यांच्या हातचे, आणि उरलेले अर्धे चुकीचे असं ते सांगत. सल्लागार म्हणून त्यांचं नाव अजून सहांच्या यादीत होतं.

ओराल्बेकला आता एकच काळजी. कुठल्याही घरात, कुठल्याही जेवणावळीत, दारापासून सगळ्यांत लांबची आतली जागा ज्येष्ठाची. तोर म्हणतात तिला. पोरंसोरं दाराशी. पडद्यावर मात्र सहा चौकटी कशाही विखुरलेल्या. त्यासाठी त्यानं तोर्गिनकडून युक्ती शिकून घेतली होती, की चौकट बोटानं धरून हलवता येते. त्यानं आगांची चौकट उचलली आणि अलगद सगळ्यांत वर नेऊन ठेवली. तोर्गिनला खाली कोपऱ्यात सरकवलं. मधल्यांना वयाप्रमाणे लावलं. आपल्या कामावर तो इतका खूश झाला की घसा खाकरून, सोनेरी मायक्रोफोनमधून, घुमत्या आवाजात म्हणाला, “सागिंदिक आगा, तुमच्या मानाच्या जागी तुम्हाला बसलेलं बघून मन भरून आलं, आलं, आलं!”

आगांनी छातीवर हात ठेवला, किंचित मान झुकवली, आणि त्यांची चौकट काळी झाली.

“लाइन गेली वाटतं,” ओराल्बेक म्हणाला.

“लाइन नाही गेली, आगा,” तोर्गिन चाचरत म्हणाली. “तुम्ही चौकटी फक्त तुमच्या पडद्यावर हलवल्यात. बाकी प्रत्येकाला आपापल्याच दिसतात. माझ्या पडद्यावर सगळ्यांत वर मीच होते. आधी मी आले ना, म्हणून. सागिंदिक आगांच्याही पडद्यावर बहुतेक मीच वर. आणि ते... खाली, कोपऱ्यात. त्या लाल बटणाशेजारी.”

“कुठलं लाल बटण?”

“बाहेर जायचं. त्याच्यावर दाराचं चित्र आहे.”

ओराल्बेकच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे विभागाच्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाला दाराशी बसवलं, सात महिन्यांच्या पोरीला मानाच्या जागी बसवलं, आणि वर चार माणसांदेखत खो खो घुमणाऱ्या आवाजात त्याची टिंगल केली!

त्यानं फोन लावला. आगांच्या मुलानं उचलला.

“वडील म्हणाले, दाराशी बसवलेला माणूस उठून गेला, यात चुकलं काय?” तो म्हणाला. “गुरुवारी येणार नाहीत. फोनवर माफी घेत नाहीत ते.”

सहातला एक गेला. एक जरी कमी पडला तरी कुलूप. ओराल्बेक पलंगावर बसला आणि खरंच रडकुंडीला आला. “संपलं, कुल्याश,” तो म्हणाला. “पाच घरांची चूल मी विझवली.”

पण कुल्याशचा एक गुण होता. नवरा उताणा पडेपर्यंत ती टोचायची, पडला की उचलायची. “फोनवर माफी घेत नाहीत ना? मग गाडी काढ,” ती म्हणाली. “असल्या गुन्ह्याला दंड काय असतो? घोडा आणि चपान. घोडा आपल्याकडे नाही. चपान आहे, पन्नाशीला मिळालेला. मखमली अंगरखा, सोनेरी काठाचा. एकदाही अंगाला लावला नाहीस. तोच घे.”

बुधवारी सकाळी विक्तोरच्या गाडीत ओराल्बेक, चपान, चहाची मोठी पुडी, मिठाई, आणि ‘यंत्राला हवा लागली तर’ म्हणून स्वतः विक्तोर, असे निघाले. सव्वादोनशे किलोमीटर. वाटेत बर्फ भुरभुरायला लागला. गाडीचं गरम हवेचं यंत्र बंद होतं. विक्तोरला कारण विचारायची ओराल्बेकची हिंमत झाली नाही.

आगांनी दार उघडलं, सलाम घेतला, आत बसवलं. पाहुण्याला दारातून परत लावायची तिथे रीत नाही, मग तो कितीही नालायक असो. ओराल्बेकनं उभं राहून तो अंगरखा आगांच्या खांद्यावर घातला. आगांनी काठ बोटांत धरून पाहिला. मग आतली शिवण पाहिली.

“ओराल्बेक,” ते म्हणाले, “हा चपान मीच दिला होता तुला. पन्नाशीला.”

विक्तोरनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ओराल्बेकला वाटलं, याच क्षणी आढं कोसळलं तर बरं.

आणि आगा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. “अरे, मलाही तो शेजारच्या बोलातच्या मुलीच्या लग्नात मिळाला होता! बस. बस आता.”

चहा ओतला गेला. “पोरा, रागावलो नव्हतो मी,” म्हातारा म्हणाला. “घाबरलो होतो. दाराशी कोण बसतं? पोरं बसतात, नाहीतर निघालेला माणूस बसतो. पोर तर मी नाही. मला वाटलं, हे तोंडानं सांगायला लाजतायत, म्हणून चित्रातून सांगतायत, की जा आता.”

“आगा,” ओराल्बेक म्हणाला, “तुम्ही गेलात तर आम्ही सगळेच जातो. मला रोज भीती वाटते. मला दुसरं काहीही येत नाही हो!”

“मग तसं सांगायचं होतंस. तो मायक्रोफोन कशाला?”

इथे गोष्ट संपती तर काय हवं होतं! पण संध्याकाळी अंगणात दुसरी गाडी थांबली. तेमिरताऊवाला. ‘ओराल्बेक माफी मागायला गेला आणि आपण घरी बसलो तर अपमान आपणच केला असं दिसेल,’ असं म्हणून तोही मिठाई घेऊन हजर. त्याच्या मागून आणखी एक गाडी, तिच्यातून विभागातले आणखी दोघं उतरले. शेवटी तोर्गिन, रडवेली, आईनं दिलेलं मांस कवटाळून. आगांच्या सुनेनं मोजणं सोडलं आणि मोठं पातेलं चढवलं.

गुरुवारी सकाळी बर्फानं रस्ता बंद. अकराला आयोग. आपापल्या घरून काम करून दाखवायची सहा माणसं एकाच घरात, जेवणासाठी अंथरलेल्या एकाच दस्तरखानाभोवती बसून दुधाळ चहा पीत होती.

“लपायचं!” ओराल्बेक ओरडला. घामानं त्याचा सदरा चिकटला होता. “तू गोठ्यात. तू न्हाणीघरात. तोर्गिन, तू विक्तोरच्या गाडीत. मागे भिंत दिसली पाहिजे, मेंढी नाही!”

“कोण गोठ्यात?” आगांनी विचारलं.

“आगा, फक्त तासभर. आयोगाला...”

“माझ्या घरी आलेला पाहुणा गोठ्यात बसणार? आणि मी आत मांस खाणार?” म्हाताऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. “नोकरी गेली तर जाऊ दे. सगळे इथे बसा.”

सगळे बसले. एकच संगणक उघडला, एकच मायक्रोफोन लावला, तो लुकलुकणारा. अकरा वाजता पडदा उजळला. समोर आयोगाचे सात जण, आपापल्या कचेरीतून, सात चौकटींत. अध्यक्षा राउशानबाई, कडक कॉलर, कडक चेहरा.

त्यांनी बघितलं. आणखी जवळ येऊन बघितलं. “हे काय आहे? दूर राहून काम करण्याची चाचणी आहे ही. तुम्ही सगळे एकाच खोलीत जेवायला बसला आहात?”

ओराल्बेकनं तोंड उघडलं. एकवीस वर्षं, सहा माणसं, कुल्याश, सगळं डोळ्यांपुढे आलं.

“बाई,” सागिंदिक आगांनी मायक्रोफोन आपल्याकडे ओढला, “तुझ्या बोलण्याचं उत्तर देतो. पण आधी मला सांग, खाली कोपऱ्यात ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसलेत, त्यांचं वय काय?”

“कोण? काब्देन आगा? ते आमचे ज्येष्ठ सदस्य आहेत. अडुसष्ट.”

“मग त्यांना दाराशी का बसवलंय, बसवलंय, बसवलंय?”

ते ‘बसवलंय’ मंत्रालयाच्या सगळ्या मजल्यांवर घुमलं असावं. राउशानबाई गोंधळल्या. “कुठलं दार? आमच्याकडे तसं काही...”

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातल्या काब्देन आगांनी, ज्यांनी दोन वर्षं एकाही बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, आवाजाचं बटण दाबलं. “दोन वर्षं,” ते म्हणाले. “दोन वर्षं मी हेच विचारीन म्हणतोय. मला वाटायचं, ही मंडळी मला काही सुचवतायत.”

“आगा! देवाशपथ नाही!” राउशानबाई खुर्चीतून उठल्याच. कडक चेहरा कुठल्या कुठे गेला. “अहो, माझ्या पडद्यावर तर तुम्ही मधे आहात!” दुसरा सदस्य म्हणाला, “माझ्या पडद्यावर मीच वर आहे. तोबा, तोबा!” आणि घाबरून त्यानं कॅमेराच बंद केला. तिसरा म्हणाला, सगळ्यांनी बाहेर जाऊन वयाप्रमाणे परत यावं. सगळे बाहेर गेले. परत येताना नेमकी सगळ्यांत तरुण चिटणीस पहिली आली आणि किंचाळून पुन्हा निघून गेली. बघता बघता राजधानीतला आयोग रिकाम्या पडद्यावर एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहिला. अखेर एकटे काब्देन आगा उरले. आता चौकट एकच, त्यामुळे ती मानाचीच होती.

“त्या बाजूला गवत कसं आहे यंदा?” काब्देन आगांनी विचारलं. सागिंदिक आगांनी सांगितलं, आणि तोर्गिननं आकडे दिले, ओराल्बेकनं नकाशा दाखवला. चाळीस मिनिटं काम झालं. गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं इतकं.

आठ दिवसांनी पत्र आलं. ओराल्बेकनं ते कुल्याशला वाचायला दिलं, स्वतः डोळे मिटून बसला.

“विभाग राहिला!” ती ओरडली. “ऐकलंस का? ‘ज्येष्ठ सदस्य काब्देन यांच्या आग्रही शिफारशीवरून विभाग कायम.’ अरे, रडतोस काय वेड्या!”

तो खरंच रडत होता. विक्तोर वरून धावत आला, लोणचं घेऊन.

“थांब,” कुल्याश म्हणाली, “मागच्या पानावरही आहे काहीतरी.”

मागच्या पानावर होतं ते असं. बैठकीतल्या आसनक्रमाचा गंभीर दोष प्रस्तुत विभागानं उघडकीस आणल्याबद्दल आयोग आभारी आहे. संपूर्ण मंत्रालयाच्या एकशे त्रेचाळीस अधिकाऱ्यांसाठी योग्य प्रोग्राम आणि यंत्रं निवडून, प्रत्येकाच्या पडद्यावर सर्वांना वयाप्रमाणे बसवण्याचं काम ओराल्बेक यांच्यावर सोपवण्यात येत आहे. जन्मतारखांची यादी सोबत जोडली आहे.

ओराल्बेकनं यादी उघडली. एकशे त्रेचाळीसपैकी एकसष्ट जणांचा जन्म एक जानेवारीचा. खेड्यापाड्यातली माणसं, ज्याच्या कागदाला तारीख नाही त्याला गावच्या कारकुनानं सरसकट एक जानेवारी लावलेली. त्यातले नऊ तर एकाच सालचे.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे भरदार आवाज होता, राजधानीचा.

“ओराल्बेक ना? यादी तुमच्याकडे आलीय असं कळलं. माझ्या नावापुढे एक जानेवारी आहे, ते खोटं आहे बरं का. तारीख कोणाला माहीत नाही, पण आई सांगायची, आमच्या मेंढ्या व्यायला लागल्या त्या दिवशी मी झालो. म्हणजे त्या बाकीच्या आठांपेक्षा मी मोठा की धाकटा, ते जरा नीट बघून लावा.”

ओराल्बेकनं डोळे पुसले, पेन्सिल घेतली, आणि एकवीस वर्षांच्या अनुभवानं अत्यंत गंभीरपणे विचारलं, “आगा, त्या वर्षी तुमच्याकडे गवत कधी उगवलं होतं?”